चौदा नंबरची चकती

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने सांगता येईल.

मी छत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, त्यातली शेवटची अकरा वर्षं मेट्रन. हाताखालच्या पोरी माझ्या पाठीमागे मला 'छडी' म्हणायच्या. ते मला ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात ह्यांच्याइतका टापटिपीचा माणूस शोधून सापडला नसता. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक स्क्रू, पण प्रत्येकाची वाटी वेगळी. घरी पाऊल टाकलं की मात्र कपाटाची दारं उघडी, पंखा चालू, टूथपेस्टचं टोपण बेसिनमध्ये. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, आणि एवढी वर्षं मी ह्यांच्या मागून दारं लावत, दिवे बंद करत, टोपणं शोधत फिरते आहे. आता हात आपोआप जातो. डोक्याला विचारावं लागत नाही.

गेल्या वर्षी मात्र त्यातली गंमत गेली. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ दुकानात सापडेना. ह्यांनी सगळं दुकान उलथंपालथं केलं. दर रविवारी दुकान झाडून-आवरून घ्यायला मी जायचेच, तशी मीही शोधायला गेले. तिसऱ्या दिवशी ते भलत्याच खणात निघालं. "हात चालतोय, पण डोक्याचा भरवसा नाही राहिला," हे म्हणाले आणि महिन्याभरात दुकान बंद केलं. मग एक नवीनच सवय लागली. काहीही केलं की मोठ्याने बोलायचं. "गॅस बंद केला." "किल्ली डाव्या खिशात." एकदा लेक माहेरी आली असताना तिने ते ऐकलं आणि घाबरीघुबरी झाली. तिने स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली, गुरुवारची. आणि त्याच आठवड्यात सोमवार-मंगळवारची ही सहलही तिनेच ठरवली. दिवसभर बोटीतून तीन बेटं, मध्ये जेवण, हवं तेवढं पोहणं.

"बाबांना पोहायला आवडतं ना, आई. जाऊन या," ती म्हणाली. आवडतं तोवर, आठवतं तोवर, असलं काही ती म्हणाली नाही. पण मला ते ऐकू आलं.

सोमवारी सकाळी हॉटेलच्या खोलीत निघायच्या घाईत ह्यांचा चष्मा हरवला.

"मी खिडकीत ठेवला होता," हे म्हणाले. "म्हटलंसुद्धा मोठ्याने. चष्मा, खिडकीत."

"मग काय पाय फुटले त्याला?" मी म्हटलं. माझी जीभ ही अशी.

चष्मा माझ्याच पर्समध्ये निघाला, चष्म्याच्या घरात नीट घालून ठेवलेला. उघड्यावर पडलेला चष्मा मला बघवत नाही, जाता-येता कधीतरी उचलला असणार. "सापडला," एवढंच मी म्हटलं. कुठे ते सांगितलं नाही, कारण बोटीला उशीर होत होता. हे पलंगाच्या कडेवर बसून दोन्ही हातांनी चष्मा चढवत होते, आणि ह्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला ह्यांचाच राग आला. त्यात काय एवढं, असं वाटलं.

बोटीवर आम्ही चोवीस जण होतो. कप्तान पन्नाशीचा, अनवाणी, कमी बोलणारा. सगळ्यांना एकसारखे पिवळे टॉवेल दिले आणि मग त्याने आम्हाला शिडीजवळच्या एका फळीपुढे उभं केलं. फळीवर चोवीस खिळे, प्रत्येक खिळ्याला एक लाकडी चकती. एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने लाल, दोन्हीकडे नंबर.

"पाण्यात उतरताना आपली चकती लाल करायची. परत चढलात की पांढरी. सगळ्या पांढऱ्या दिसल्याशिवाय मी नांगर उचलत नाही."

"त्यापेक्षा सरळ डोकी मोजा की," ह्यांच्यासारखंच टक्कल पडलेले एक गृहस्थ म्हणाले. ह्या गृहस्थांना सकाळपासून काहीच पसंत पडत नव्हतं, चहा नाही, बाक नाही, ऊन नाही.

"डोकी हलतात, साहेब. एक वर झोपलेलं असतं, एक संडासात असतं. चकती हलत नाही. आणि एक लक्षात ठेवा, आपली चकती आपणच फिरवायची. नवऱ्याची बायकोने नाही, बायकोची नवऱ्याने नाही."

मला तो माणूस एकदम आवडला. दवाखान्यात हेच तर मी पोरींच्या डोक्यात घालत आले. औषध जिने दिलं, तक्त्यावर सही तिनेच करायची. एकदा एकीने मैत्रिणीच्या जागी सही केली, तर मी तिला आठवडाभर रडवलं होतं. मी मान डोलावली आणि ह्यांना कोपर मारून म्हटलं, "ऐकलंत ना?"

पहिलं बेट म्हणजे नुसता खडक होता, माथ्यावर चार झुडपं. पाणी मात्र इतकं नितळ की तळाचे दगड मोजावेत. मला पोहता येत नाही. ह्यांनी कानातली यंत्रं काढून डबीत घातली आणि डबी माझ्याकडे दिली. यंत्रांशिवाय ह्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मी ती पर्समध्ये टाकली. मग हे फळीपाशी गेले, बोट ठेवून नंबर वाचला आणि चकती फिरवली.

"चौदा," हे मोठ्याने म्हणाले. "लाल."

आणि अडुसष्ट वर्षांचा हा माणूस चड्डी सावरत पाण्यात उतरला आणि दोन हातांत निघूनच गेला, पार खडकाच्या पलीकडे. मी बघत राहिले. जमिनीवर चाचपडणारा माणूस तो हाच, ह्यावर विश्वास बसू नये. वाटलं, लेकीने हे ठरवलं ते बरं केलं.

तासाभराने कप्तानाने भोंगा वाजवला. लोक एकेक करून चढू लागले. तेवढ्यात एका कॉलेजच्या मुलीच्या टाचेत शिंपला घुसला आणि ती रडायला लागली. मग काय, मी तिला मागच्या बाकावर बसवलं, शिंपल्याचा तुकडा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. वर मान करून बघते तर खांद्यावर पिवळा टॉवेल टाकलेलं एक टक्कल वरच्या डेकची शिडी चढून जाताना दिसलं. पोहून झालं की हे आडवे होतात, आयुष्यभराची सवय. म्हटलं, झालं, चालले झोपायला.

हात धुऊन मी फळीसमोरून आले. तेवीस चकत्या पांढऱ्या होत्या. चौदा नंबर लाल.

मी ती पांढरी केली.

विचार केला आणि मग केली, असं नाही. उघडं कपाट दिसलं की मी लावते, तशी केली. करून पुढे जाऊन बसलेसुद्धा. कप्तानाने फळीवर नजर टाकली, नांगर उचलला आणि बोट निघाली. पुढच्या बेटापर्यंत चाळीस मिनिटं लागली. वारा छान होता. खरं सांगायचं तर मी त्या चाळीस मिनिटांत एकदाही ह्यांची आठवण काढली नाही, उलट थोडा निवांतपणा मिळाला म्हणून बरंच वाटत होतं.

दुसऱ्या बेटाजवळ नांगर टाकल्यावर आचाऱ्याने नंबर पुकारत ताटं द्यायला सुरुवात केली. भात, तळलेला मासा, काकडी, कलिंगडाची फोड. चौदा आणि पंधरा मीच घेतली. बाकावर बसून ह्यांच्या माशाचे काटे काढले, कारण हे बोलत बोलत जेवतात आणि मग ठसकतात. ताट घेऊन शिडी चढले. वर तोंडावर पिवळा टॉवेल घेऊन स्वारी झोपलेली.

"उठा," मी पायाचा अंगठा धरून हलवला. "मासा गार होतोय."

टॉवेल बाजूला झाला आणि सकाळचे ते टक्कलवाले गृहस्थ उठून बसले. "मी मासे खात नाही," ते म्हणाले.

मी खाली आले. पुढे बघितलं, मागे बघितलं. संडासाचं दार वाजवलं, आतून एका बाईचा आवाज आला. ताट माझ्या हातातच होतं. मग पर्समधली डबी आठवली. यंत्रं डबीत होती. यंत्रं डबीत, म्हणजे भोंगा ह्यांना ऐकू गेलाच नव्हता.

छत्तीस वर्षांत मी काय काय पाहिलंय, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

"आमचे हे दिसत नाहीत," मी कप्तानाला म्हटलं.

त्याने जेवता जेवता फळीकडे पाहिलं. "काकू, चौदा पांढरी आहे. काका बोटीवरच असणार. नीट बघा, वर झोपले असतील."

त्याचं बरोबरच होतं. त्याच्या हिशेबाने माझा नवरा बोटीवरच होता. मला वाटतं, दोन-तीन क्षण मी गप्प उभी राहिले, आणि त्या दोन-तीन क्षणांची मला आजही लाज वाटते.

"मी फिरवली," मी म्हटलं. "लाल होती. मी पांढरी केली."

बोटीवर सगळे जेवायचे थांबले. ताट खाली ठेवून कप्तान उठला. इंजिन सुरू झालं, आचाऱ्याने नांगर ओढला. वायरलेसवर कप्तान आजूबाजूच्या बोटींना विचारत होता, पण पहिल्या बेटाच्या बाजूला कोणीच नव्हतं.

"म्हणजे आता सगळ्यांचाच दिवस..." टक्कलवाले गृहस्थ बोलायला लागले. पट्टी बांधलेल्या मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच थांबले. मग ते शिडी चढून वर गेले.

कप्तान एकदाच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मीही एकदा वर जाऊन बघायला हवं होतं." मला धीर यावा म्हणून म्हणाला. मला त्याने आणखीच रडू आलं. ती मुलगी माझा हात धरून बसली होती. मी मनात एकच हिशेब करत होते. अडुसष्ट वय, डोक्यावर ऊन, किती वेळ पोहता येईल, खडकावर चढता आलं असेल का. दवाखान्यात नातेवाईक असे बसायचे तेव्हा मी त्यांना म्हणायचे, "धीर धरा." किती सोपं होतं ते म्हणणं!

"ते बघा! खडकावर! बसलेत!"

वरून ओरडत होते ते टक्कलवाले गृहस्थ. ती सगळी चाळीस मिनिटं ते वरच्या डेकवर उन्हात उभे होते, हे मला तेव्हा कळलं.

हे खडकावर मांडी घालून बसले होते, दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे तसेच. खांदे भाजून लालबुंद झालेले. शेजारी एका फटीत वाहून आलेली काठी उभी केलेली, आणि तिच्या सावलीच्या टोकाशी एकापुढे एक तीन खडे मांडलेले. अंगावर चड्डीशिवाय काही नव्हतं, पण घड्याळ बनवून झालं होतं.

कप्तानाने धरून यायला टायर टाकला तरी हे आपले स्वतःच पोहत आले. शिडी चढताना मात्र पाय थरथरत होते. दोघांनी धरून वर घेतलं. कोणी पाणी दिलं, कोणी टॉवेल गुंडाळला. मी पुढे व्हायच्या आतच हे बोलायला लागले. कानात यंत्रं नव्हती, त्यामुळे आवाज केवढा तरी मोठा.

"माफ करा हं सगळे! माझीच चूक. चकती लाल करायची राहिली असणार. मला वाटत होतं केली, अगदी डोळ्यांपुढे दिसत होतं केलेली. पण नसणार केली. डोकं चालत नाही हल्ली माझं. तुमचा सगळ्यांचा दिवस घालवला मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. कप्तानही. ते त्याने माझ्यावर सोडलं होतं. बोटीवरच्या बावीस प्रवाशांना, कप्तानाला आणि आचाऱ्याला खरं काय ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ह्यांना.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. विसरभोळे तर हे होतेच. लेकीनेही म्हटलं असतं, बघ, मी म्हणत नव्हते? गुरुवारी डॉक्टरांना सांगायला आणखी एक गोष्ट मिळाली असती.

मी डबी काढली. ह्यांचे कान रुमालाने कोरडे केले, आधी डावा, मग उजवा. यंत्रं बसवली. ह्यांच्या समोर उभी राहिले.

"तुम्ही विसरला नव्हता," मी म्हटलं. "लाल केली होतीत. मी पांढरी केली."

"तू?"

"मला वाटलं तुम्ही वर जाऊन झोपलात, आणि फिरवायची राहिली नेहमीसारखी. मी बघितलंसुद्धा नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी केली होती लाल?"

"हो."

"चौदा, लाल. म्हटलं होतं मी मोठ्याने."

"म्हटलं होतंत. मी ऐकलं होतं."

"मग मला बरोबर आठवत होतं," हे म्हणाले, आणि तिथे सगळ्यांदेखत टॉवेल तोंडावर धरून रडायला लागले. एक्केचाळीस वर्षांत मी ह्यांना दोनदा रडताना पाहिलंय, सासूबाई गेल्या तेव्हा आणि लेक सासरी गेली तेव्हा.

"बोट गेली त्याची भीती नव्हती गं," थोड्या वेळाने हे म्हणाले. "जेवायची वेळ झाली की तू माझं ताट घेशील आणि तुला कळेल, हे मला ठाऊक होतं. पण मला लाल केलेली स्पष्ट आठवत होती, आणि तरी बोट गेली. तिथे बसून तेच घोकत होतो. म्हटलं, विसरत होतो तोवर ठीक होतं. आता न केलेलंही आठवायला लागलं. संपलं सगळं."

मला माझ्या हातांकडे बघवेना.

"चष्मासुद्धा खिडकीतच होता," मी म्हटलं. "मी उचलून पर्समध्ये ठेवला. सकाळी सांगितलं नाही."

ह्यांनी हळूच विचारलं, "आणि दुकानातलं ते घड्याळ?"

"ते मला माहीत नाही. त्याआधीच्या रविवारी दुकान आवरायला मीच आले होते. तो खण उघडला होता का, काही आठवत नाही. खरंच आठवत नाही हो."

किती गोष्टी ह्यांनी जागेवर ठेवल्या असतील आणि मी हलवल्या असतील, ते मोजायला मलाही जमलं नसतं. आणि किती खरोखरच विसरले असतील, तेही आता कोणाला कळणार होतं?

"मग गुरुवारी तूही चल आत," हे शेवटी म्हणाले. "दोघांचीही तपासणी करून घेऊ." आणि ताटातला गार झालेला मासा खायला लागले. "काटे काढलेस वाटतं?"

तिसऱ्या बेटावर जायला उशीर झाला होता, पण कप्तान म्हणाला, नेतो. तिथे वाळू होती. हे पुन्हा पाण्यात उतरले. मी नको म्हटलं नाही, फक्त डबी घेतली. आणि मीसुद्धा पंधरा नंबर लाल केला, शिडीचा दांडा धरून पाण्यात उतरले आणि शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी राहिले. टक्कलवाले गृहस्थ ह्यांच्या शेजारूनच पोहत होते, जरासुद्धा लांब जात नव्हते.

ह्या वेळी भोंगा वाजायच्या आधीच सगळे परतले. मी माझी चकती पांढरी करून बाकावर बसले. मागून हे चढले, पाणी निथळत फळीसमोरून सरळ पुढे गेले आणि माझ्याशेजारी येऊन बसले. मी डबी दिली, ह्यांनी यंत्रं घातली आणि कलिंगडाची फोड उचलली.

फळीवर चौदा नंबर लाल होता.

कप्तान नांगराजवळ उभा होता. त्याने फळीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एक लाल आहे," तो बेताच्या आवाजात म्हणाला आणि दोराशी काहीतरी करत बसला. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. पट्टीवाली मुलगी आपल्या पायाकडे बघत होती. टक्कलवाले गृहस्थ एकदा आकाशाकडे, एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते, पण तोंड उघडलं नाही त्यांनी.

फळी माझ्यापासून चार पावलांवर होती. हात शिवशिवत होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

ह्यांनी कलिंगड संपवलं. बिया कागदात गुंडाळल्या. इकडे-तिकडे बघितलं. "निघत का नाहीत?" मला विचारलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि मांडीखालचे हात आणखी दाबले.

ह्यांनी खिसे चाचपले, टॉवेल बघितला, आणि चेहरा एकदम उजळला.

"अरे!"

हे उठले, फळीपाशी गेले, बोट ठेवून नंबर वाचला.

"चौदा," हे मोठ्याने म्हणाले. "पांढरी."

मग कप्तानाने नांगर उचलला.